बर्लिन सिंग-अकादमी

बर्लिन सिंग-अकादमी : जर्मनीतील हौशी गायकांची एक विख्यात वृंदगायन-संस्था. स्थापना २४ मे १७९१ रोजी बर्लिन येथे. संस्थेच्या जर्मन नावाचा अर्थ ‘गायनाची अकादमी’ असा आहे. चर्च, दरबार वा रंगभूमी यांपैकी कोणाच्याही सेवेत नसलेल्या स्त्री-पुरुषांनी, वेतन न घेता, स्वतःच्या संगीताभ्यासासाठी चालविलेल्या मिश्र गायनवृंदांपैकी जगातील सर्वांत जुना वृंद म्हणून ही संस्था ओळखली जाते. योहान सेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) याच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या रचनेचे ११ मार्च १८२९ रोजी तिने केलेले पुनरुज्जीवन ही पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानतात. दुसऱ्या महायुद्धात संस्थेची वास्तू व हस्तलिखितांचा संग्रह ही दोन्ही तिच्या हातून गेली. तथापि साप्ताहिक सरावाची परंपरा तिने पुढे चालू ठेवली. हौशी गायनसंस्था कशाच्या बळावर टिकते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यास या संस्थेचा इतिहास उपयुक्त आहे.

स्वरूप : पाश्चात्त्य वृंदगायन सामान्यतः चतुःस्वरी असते. स्त्रियांचे उंच व खालचे आवाज अनुक्रमे सोप्रानो व आल्टो आणि पुरुषांचे उंच व खालचे आवाज अनुक्रमे टेनर व बास या नावांनी ओळखले जातात. हे चार गट एकाच वेळी चार वेगवेगळ्या स्वरावली गातात व त्यांच्या मिलाफातून स्वरसंवाद निर्माण होतो. महाराष्ट्रातील भजनी मंडळात मुख्य गायकाने म्हटलेली ओळ इतर टाळकरी त्याच स्वरांत उचलतात. तेथे समूहाचे बळ एकस्वरी असते. उलट चतुःस्वरी गायनात प्रत्येक गटाला शेजारच्या गटाहून वेगळी चाल धरून ठेवावी लागते आणि तरीही शेजारच्या चालीकडे सतत कान द्यावा लागतो. त्यामुळे असे गायन एकट्याला घरी बसून साधत नाही. त्यासाठी ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांनी एकत्र येणे अनिवार्य ठरते. नियमित उपस्थिती हा वृंदगायनात केवळ शिस्तीचा भाग नसून संगीताचीच गरज असते.

अठराव्या शतकापर्यंत यूरोपात अशा गायनाची मुख्य केंद्रे दोन होती : चर्च व राजदरबार. चर्चच्या गायनवृंदात उंच आवाजांसाठी शाळकरी मुलगे घेत. स्त्रियांना तेथे बहुधा मज्जाव असे. दरबारी संगीतगृहात व ऑपेरात पगारी गायक-गायिका असत. मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींना संगीताचे शिक्षण मिळत असले, तरी मोठ्या बहुस्वरी रचना गाण्यासाठी त्यांना स्वतंत्र जागा नव्हती. सिंग-अकादमीने ही उणीव भरून काढली.

स्थापना : संस्थेचा संस्थापक कार्ल फ्रीड्रिख क्रिस्त्यान फाश (१७३६–१८००) हा त्सेर्ब्स्ट येथे जन्मला. १७५६ मध्ये तो प्रशियाचा राजा दुसरा (थोर) फ्रीड्रिख याच्या दरबारात हार्प्सिकॉर्ड-वादक म्हणून रुजू झाला. सेबास्टिआन बाखचा पुत्र कार्ल फिलिप एमानुएल बाख (१७१४–८८) हा तेथे त्याचा ज्येष्ठ सहकारी होता. राजाच्या बासरीवादनाला साथ करणे हे या दोघांचे प्रमुख काम. सप्तवार्षिक युद्धाच्या (१७५६–६३) काळात दरबारी संगीताला ओहोटी लागली व फाशला उपजीविकेसाठी शिकवण्यांवर विसंबून राहावे लागले.

योहान फ्रीड्रिख राइखार्ट या संगीतकाराने १७८३ मध्ये इटलीहून ओरात्स्यो बेनेव्होली या सतराव्या शतकातील रचनाकाराच्या सोळा-स्वरी ‘मास’ची प्रत आणली. तिच्या अभ्यासातून फाशने स्वतः सोळा स्वतंत्र स्वरावलींची, म्हणजे चार-चार आवाजांच्या चार वृंदांसाठी, एक ‘मास’ रचली. दरबारी गायकांकडून ती बसवून घेण्याचा प्रयत्न सफल झाला नाही. तेव्हा आपल्या शिष्यांना व त्यांच्या परिचितांना जमवून, सोप्या रचनांपासून आरंभ करून, क्रमाक्रमाने या कामासाठी तयार करण्याचे फाशने ठरविले. व्यावसायिकांना जे साधले नाही, ते साधण्यासाठी हौशी गायकांची जमवाजमव झाली, हे या स्थापनेचे वैशिष्ट्य होय.

आरंभीच्या बैठका खाजगी घरांत होत. मंगळवार, २४ मे १७९१ या दिवसापासून उपस्थितांची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. म्हणून हीच संस्थेची स्थापना-तिथी मानली जाते. समारंभ, सनद किंवा जाहीर कार्यक्रम यांपैकी काहीही त्या दिवशी झाले नाही. संस्थेचा जन्म हजेरीपत्रकातून झाला, असेच म्हणावे लागते. १७९३ मध्ये सभासदसंख्या वाढल्यामुळे बैठका राजकीय कला-अकादमीच्या इमारतीतील दालनात भरू लागल्या आणि त्यावरून ‘सिंग-अकादमी’ हे नाव रूढ झाले. १७९४ मध्ये सेबास्टिआन बाखच्या मोटेट या प्रकारातील रचना सरावासाठी घेण्यात आल्या. १७९६ च्या जूनमध्ये तरुण बेथोव्हनने संस्थेला भेट दिली व पियानोवर उत्स्फूर्त वादन केले. फाशच्या निधनानंतर १८०० मध्ये त्याच्या स्मरणार्थ मोट्सार्टचा ‘रेक्विएम’ सादर करण्यात आला.

त्सेल्टरची कारकीर्द व कार्यपद्धती : फाशनंतर त्याचा शिष्य कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर (१७५८–१८३२) हा संचालक झाला. तो व्यवसायाने गवंडी होता. वडिलांचा बांधकामाचा धंदा सांभाळून त्याने संगीताचे शिक्षण घेतले होते. कवी गटे याच्याशी त्याची दीर्घकाळ मैत्री होती व १७९९ पासून दोघांच्या मृत्यूपर्यंत चाललेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. कलेचा व्यवहार कारागिरासारखा, नित्य कामाने करावयाचा असतो, ही त्याची धारणा संस्थेच्या कार्यपद्धतीत उतरली.

साप्ताहिक सराव हा संस्थेच्या जीवनाचा कणा होता. नव्या उमेदवाराचा आवाज व स्वरलिपी वाचण्याची क्षमता पाहून त्याला प्रवेश दिला जाई. प्रत्येक सभासद नियमित वर्गणी देई. प्रत्येक आवाजासाठी स्वरलिपीच्या वेगळ्या प्रती लागत. छापील प्रती दुर्मिळ असल्याने त्या हाताने उतरवून घेतल्या जात. याच गरजेतून संस्थेचा हस्तलिखित-संग्रह वाढत गेला. सराव पियानोच्या साथीने होई आणि बहुतेक बैठकांना श्रोते नसत. क्वचित निमंत्रितांना प्रवेश मिळे. संस्थेचा मूळ हेतू जाहीर जलसे करणे हा नव्हता. जुन्या गंभीर रचनांचा, विशेषतः धार्मिक संगीताचा, गाऊन अभ्यास करणे हाच तिचा हेतू होता. श्रोत्यांच्या आवडीनिवडीवर अवलंबून नसल्याने बाजारात ज्यांना मागणी नव्हती अशा रचना ती वर्षानुवर्षे हाताळू शकली. बाखच्या रचना बर्लिनमध्ये जिवंत राहिल्या, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

१८०७ मध्ये त्सेल्टरने हौशी वादकांसाठी ‘रिपिएनशूल’ हा वाद्यवृंदाचा वर्ग सुरू केला. १८०९ मध्ये त्याने संस्थेतील निवडक पुरुष सभासदांचे ‘लीडरटाफेल’ नावाचे मंडळ काढले. त्याचे सभासद जेवणाच्या मेजाभोवती बसून स्वतः रचलेली गीते गात. पुढे जर्मन भाषिक प्रदेशांत पुरुष-गायनमंडळांची जी मोठी चळवळ फोफावली, तिचे एक मूळ या मंडळात सापडते. आपल्या घरी शुक्रवारी भरणाऱ्या बैठकींत तो निवडक गायकांसह बाखच्या अवघड रचना गाऊन पाही. बाखचा ‘बी मायनर मास’ व ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ यांतील काही भाग त्याने १८११–१५ या सुमारास सरावात घेतले होते. मात्र अशा विस्तृत रचना समग्र स्वरूपात जनतेपुढे मांडता येतील, यावर त्याचा विश्वास नव्हता.

सामाजिक रचना : सिंग-अकादमीत आरंभापासून स्त्रिया सभासद होत्या. रंगभूमीवर गाणाऱ्या स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयी तत्कालीन समाजात शंका घेतली जाई. परंतु अकादमीत सरकारी अधिकारी, व्यापारी, धर्मोपदेशक व प्राध्यापक यांच्या घरांतील स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने गात. तत्त्वज्ञ व धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखर हाही संस्थेचा सभासद होता. बर्लिनमधील सुशिक्षित ज्यू कुटुंबांचा सहभागही लक्षणीय होता. सेबास्टिआन बाखच्या ज्येष्ठ पुत्राची शिष्या सारा लेव्ही (१७६१–१८५४) हिने रिपिएनशूलमध्ये हार्प्सिकॉर्ड वाजविले आणि आपल्या संग्रहातील अनेक हस्तलिखिते संस्थेला दिली. आब्राहाम मेंडेल्सझोन हा सभासद होता व त्यानेही बाख घराण्याच्या हस्तलिखितांची देणगी दिली. त्याची मुले फॅनी (१८०५–४७) व फेलिक्स (१८०९–४७) यांनी १८२० मध्ये संस्थेत प्रवेश केला. ख्रिस्ती उपासनेसाठी रचलेले संगीत उपासनेच्या चौकटीबाहेर, भिन्न धर्मपरंपरांतील माणसे एकत्र बसून गातात, हे दृश्य त्या काळात नवीन होते.

वास्तू : १८२५ मध्ये संस्थेने उंटर डेन लिंडेन या राजमार्गालगत स्वतःच्या सभागृहाची पायाभरणी केली. वास्तुकार शिंकेल याच्या आराखड्याच्या आधारे कार्ल टेओडोर ओट्मर याने ते बांधले व १८२७ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. अभिजात शैलीच्या या इमारतीतील दालन उत्तम ध्वनिगुणांसाठी नावाजले गेले. शास्त्रज्ञ आलेक्झांडर फोन हुंबोल्ट याने १८२७–२८ मध्ये विश्वरचनेवरील आपली प्रसिद्ध जाहीर व्याख्याने येथेच दिली. १८४८ च्या क्रांतीनंतर प्रशियाची राष्ट्रीय सभा आरंभी याच दालनात भरली. वास्तूमुळे संस्थेला प्रतिष्ठा लाभली, तशीच आर्थिक जबाबदारीही वाढली. बांधकामाचे कर्ज फेडण्यासाठी दालन भाड्याने देणे व तिकिटे लावून जलसे करणे क्रमप्राप्त झाले. सरावासाठी जन्मलेली संस्था अशा रीतीने जाहीर जलशांची संस्थाही बनली.

१८२९ चे पुनरुज्जीवन : ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही ख्रिस्ताच्या अंतिम यातनांची कथा सांगणारी, दोन गायनवृंद व दोन वाद्यवृंद यांसाठी रचलेली बाखची कृती लाइपसिक येथे १७२७ मध्ये प्रथम सादर झाल्याचे मानतात. बाखच्या मृत्यूनंतर ती समग्रपणे ऐकू आली नव्हती. त्याच्या वाद्यरचना व मोटेट जाणकारांना ठाऊक असले, तरी मोठ्या वृंदरचना हस्तलिखितांतच पडून होत्या. फेलिक्स मेंडेल्सझोनला त्याच्या आजीने १८२३–२४ च्या सुमारास या कृतीची हस्तलिखित प्रत भेट दिली. १८२७ च्या हिवाळ्यात त्याने सुमारे सोळा गायक घरी जमवून तिचा अभ्यास सुरू केला. गायक व नट एदुआर्ट डेव्ह्रींट (१८०१–७७) याने ती जाहीरपणे सादर करण्याचा आग्रह धरला. त्सेल्टरने प्रथम विरोध केला. पण अखेर संमती देऊन संस्थेचा वृंद या तरुणांच्या हाती सोपविला.

प्रयोग ११ मार्च १८२९ रोजी संस्थेच्या सभागृहात झाला. वृंदात दीडशेहून अधिक सभासद होते. वाद्यवृंदही बव्हंशी हौशी वादकांचा होता व त्याला राजकीय वाद्यवृंदातील काही वादकांची जोड होती. डेव्ह्रींटने ख्रिस्ताची भूमिका गायली. वीस वर्षांच्या मेंडेल्सझोनने पियानोपाशी राहून संचालन केले. रचनेची लांबी लक्षात घेऊन त्याने अनेक एकलगीते गाळली होती. तत्त्वज्ञ हेगेल, कवी हाइने व राजघराण्यातील व्यक्ती श्रोत्यांत होत्या. तिकिटे संपल्याने शेकडो लोकांना परतावे लागले. बाखच्या जन्मदिनी, २१ मार्च रोजी, दुसरा प्रयोग झाला. मेंडेल्सझोन इंग्लंडला रवाना झाल्यावर गुड फ्रायडेच्या दिवशी तिसरा प्रयोग त्सेल्टरच्या संचालनाखाली पार पडला. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रँकफुर्टच्या सेसिलिया-मंडळाने, म्हणजे आणखी एका हौशी वृंदानेच, ही कृती सादर केली.

या यशाचे श्रेय बहुधा एकट्या मेंडेल्सझोनला दिले जाते. ते अपुरे आहे. बाखची जटिल बहुस्वरी रचना पेलणारा दीडशे जणांचा वृंद काही आठवड्यांत उभा करता येत नाही. १७९४ पासून पस्तीस वर्षे, श्रोत्यांविना, आठवड्यामागून आठवडे बाखच्या रचना गाऊन तयार झालेले कंठ व कान त्याला आयते मिळाले. संचालकाच्या प्रतिभेला सभासदांच्या सवयीची जोड लाभली, म्हणून हे पुनरुज्जीवन शक्य झाले.

१८३३ ची निवडणूक : त्सेल्टर १८३२ मध्ये निवर्तला. संचालकाची निवड सभासदांच्या मतांनी व्हावयाची होती. मेंडेल्सझोन व दीर्घकाळ उपसंचालक असलेला कार्ल फ्रीड्रिख रुंगेनहागेन (१७७८–१८५१) हे प्रमुख उमेदवार होते. जानेवारी १८३३ मधील मतदानात रुंगेनहागेनला १४८ व मेंडेल्सझोनला ८८ मते पडली. मेंडेल्सझोनचे तारुण्य, त्याचे ज्यू कुळ आणि रुंगेनहागेनची प्रदीर्घ सेवा या तिन्ही गोष्टींचा परिणाम निकालावर झाला असावा, असे अभ्यासक मानतात; त्यांतील कोणत्या कारणाला किती महत्त्व द्यावे, याविषयी मतभेद आहेत. मेंडेल्सझोन कुटुंबाने संस्थेशी संबंध तोडले. फेलिक्स पुढे १८३५ मध्ये लाइपसिकच्या गेवांटहाउस वाद्यवृंदाचा संचालक झाला व त्या नगराला यूरोपच्या संगीतजीवनात अग्रस्थान मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता.

सभासदांच्या मताने चालणारी संस्था परिचित व विश्वासू माणसाला झुकते माप देते, हे या प्रसंगातून दिसते. त्यातून सातत्य राखले जाते, पण अपूर्व गुणवत्ता दुरावण्याचा धोकाही संभवतो. मात्र रुंगेनहागेनच्या कारकीर्दीत बाखचे कार्य थांबले नाही. १८३३ मध्ये ‘सेंट जॉन पॅशन’ व १८३४–३५ मध्ये ‘बी मायनर मास’ यांचे प्रयोग त्याने केले.

उत्तरकाल : रुंगेनहागेननंतर आउगुस्ट एदुआर्ट ग्रेल (१८००–८६) व मार्टिन ब्लुमनर (१८२७–१९०१) यांनी संस्थेची धुरा सांभाळली. ग्रेल हा वाद्यसाथीविना गायनाचा कट्टर पुरस्कर्ता होता. फाशच्या उदाहरणाला अनुसरून त्यानेही सोळा-स्वरी ‘मास’ रचली. या काळात संस्थेचा कल जुने जतन करण्याकडे राहिला. बर्लिनमध्ये १८४७ मध्ये स्टर्न गायनमंडळ व १८८२ मध्ये झीगफ्रीट ओख्सचा वृंद स्थापन झाला. नव्या रचना व अधिक काटेकोर सादरीकरण यांमुळे हे वृंद पुढे गेले. १८५४ मध्ये पैशाच्या गरजेपोटी संस्थेने आपल्या संग्रहातील बाखची मौल्यवान हस्तलिखिते बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयाला विकली. १८९१ मध्ये शताब्दी साजरी झाली व ब्लुमनरने संस्थेचा इतिहास लिहिला. १९०० मध्ये संचालक झालेला गेओर्ख शुमान (१८६६–१९५२) याची कारकीर्द सुमारे अर्धशतक चालली.

१९३३ नंतर नाझी राजवटीने ज्यू कलावंतांना सार्वजनिक जीवनातून हद्दपार केले. ज्याच्या हातून या संस्थेने आपले सर्वांत मोठे कार्य केले, त्या मेंडेल्सझोनचे संगीतही त्यातून सुटले नाही.

युद्ध व विभाजन : दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून १९४३ मध्ये संस्थेचा संग्रह सायलीशियातील उलर्सडोर्फ येथील वाड्यात हलविण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमधील हल्ल्यात सभागृहाची मोठी हानी झाली. युद्ध संपल्यावर संग्रह सोव्हिएट सैन्याच्या ताब्यात गेला व त्याचा मागमूस उरला नाही. इमारत बर्लिनच्या सोव्हिएट विभागात असल्याने सोव्हिएट लष्करी प्रशासनाने ती घेऊन नाट्यगृह म्हणून दुरुस्त केली. १९५२ पासून तेथे माक्सिम गॉर्की रंगमंदिर आहे. संस्थेचे कार्य पश्चिम बर्लिनमध्ये चालू राहिले. १९६१ मध्ये नगराच्या मध्यावर भिंत उभी राहिली. तेव्हा पूर्व भागातील गायकांसाठी १९६३ मध्ये ‘बर्लिनर सिंगअकादमी’ हा दुसरा वृंद हेल्मूट कोख याच्या संचालनाखाली स्थापन झाला. एकाच वारशावर हक्क सांगणारे दोन वृंद अशा रीतीने एका नगरात निर्माण झाले. १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाल्यानंतरही ते एकत्र आले नाहीत. तीस वर्षांत प्रत्येकाची माणसे, सवयी व स्नेहबंध वेगळे झाले होते. वृंद हा मुख्यतः माणसांचा बनलेला असतो, हे लक्षात घेतले असता यात नवल वाटू नये.

संग्रहाचा शोध : १९९९ मध्ये बाखचे चरित्रकार व संगीतेतिहासकार क्रिस्टोफ व्होल्फ आणि त्यांचे अमेरिकन व युक्रेनियन सहकारी यांना हा संग्रह कीव्ह येथील राज्य अभिलेखागारात सापडला. त्यात पाच हजारांहून अधिक बाडे होती. कार्ल फिलिप एमानुएल बाखच्या हँबर्गमधील कारकीर्दीतील, नष्ट झाल्याचे समजले गेलेले ‘पॅशन’ आणि सेबास्टिआन बाखच्या पूर्वजांच्या रचनांचा कौटुंबिक संग्रह ही त्यांतील विशेष मोलाची सामग्री. युक्रेनने २००१ मध्ये हा संग्रह जर्मनीला परत केला. संस्थेची मालकी कायम ठेवून तो बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात ठेवण्यात आला. १८५४ मध्ये विकलेल्या हस्तलिखितांचा खरेदीदार हे याच ग्रंथालयाचे पूर्वरूप होते. एमानुएल बाखच्या समग्र साहित्याच्या संपादनाला व त्याच्या ‘पॅशन’च्या नव्या प्रयोगांना या शोधामुळे चालना मिळाली. ही बाडे मुळात विद्वानांसाठी जमविलेली नव्हती. त्यांतील पुष्कळशी पुढच्या बैठकीत गाण्यासाठी उतरवलेली होती. हौशी सभासदांच्या गरजेने एवढा मोठा ऐतिहासिक ठेवा निर्माण व्हावा, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय.

वास्तूच्या मालकीचा वाद एकीकरणानंतर न्यायालयात गेला. डिसेंबर २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सिंग-अकादमी हीच इमारतीची मालक असल्याचा निर्णय दिला. इमारतीचा नाट्यगृह म्हणून वापर मात्र चालूच राहिला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून काय-ऊवे यिर्का हे संस्थेचे संचालन करीत आले असून संस्थेशी संलग्न असा मुलींचा गायनवृंदही उभा राहिला आहे.

महत्त्व : सिंग-अकादमीचे अनुकरण लवकरच सुरू झाले. लाइपसिक (१८०२) व फ्रँकफुर्ट (१८१८) येथे तशाच संस्था निघाल्या. एकोणिसाव्या शतकात यूरोपातील बहुतेक मोठ्या नगरांत नागरिकांचे गायनवृंद स्थापन झाले आणि बाख, हँडल, हायडन यांच्या भव्य वृंदरचनांना त्यांच्यामुळे स्थायी स्थान लाभले. बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीसारख्या कृतींचे प्रयोगही पुष्कळ ठिकाणी अशा हौशी वृंदांच्या साहाय्यानेच होत आले आहेत. किमान शंभर वर्षे गायनसेवा करणाऱ्या हौशी वृंदांना जर्मन राष्ट्राध्यक्षांच्या वतीने देण्यात येणारे सन्मानचिन्ह त्सेल्टरच्या नावाने १९५६ मध्ये सुरू करण्यात आले. २०१४ मध्ये जर्मनीतील हौशी वृंदगायनाचा समावेश त्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत झाला.

हौशी वृंदाच्या अडचणी सर्वत्र सारख्याच असतात. आवाज वयोपरत्वे उतरतात, पुरुष गायकांची, विशेषतः टेनरची, वाण पडते, व्यावसायिक वाद्यवृंदाचे मानधन वर्गणीतून भागत नाही आणि परिचित रचनांची ओढ नव्या रचनांच्या आड येते. सिंग-अकादमीच्या इतिहासात या सर्वांचा प्रत्यय येतो. तिने मेंडेल्सझोनला गमावले, हस्तलिखिते विकली, वास्तू व संग्रह युद्धात गमावला आणि नगराच्या फाळणीबरोबर तिच्या वारशाचीही फाळणी झाली. या सर्व आपत्तींतून जे टिकले, ते सभासदांचे नियमित एकत्र येणे. एका पिढीच्या शेजारी बसून दुसरी पिढी गाण्यास शिकते आणि पहिली पिढी उठून गेल्यावरही गाणे चालू राहते. १७९१ मध्ये फाशने सुरू केलेले हजेरीपत्रक हाच या अर्थाने संस्थेचा खरा पाया ठरला.